बिनदांड्याची कुदळ

लोणावळे,
ता. २ नोव्हेंबर १९३६

चि. इंदिरा हिस अनेक आशीर्वाद.

काल दुपारी पोचले. घर ठीक आहे. कौले दोन ठिकाणी सरकली होती, ती बसवून घेतली. नागपूरच्या शाळेने निरोप देताना मला चांदीचा पेला दिला आणि डॉक्टरांनी डोंगरातली हवा सांगितली. पेला कपाटात ठेवला आहे. हवा घ्यायला सुरुवात केली आहे.

गोपाळच्या मागे हे घर तू मला राहायला दिलेस. माझा धाकटा भाऊ माझ्याआधी जाईल आणि मी त्याच्या घरात राहीन असे कधी वाटले नव्हते. त्याबद्दल एकदाच आभार मानते, पुन्हा मानणार नाही. तुझे तान्हे मूल याच घरात गेले आणि तेव्हापासून तू इथे मुक्काम केला नाहीस, हे मला माहीत आहे. म्हणून ये असा आग्रहही करत नाही.

आता कामाचे. घरामागचे परस म्हणजे रान झाले आहे. घाणेरी माझ्या खांद्याइतकी, पलीकडे करवंदीची जाळी, खाली सगळीकडे हराळी. भोवती गोपाळने घायपाताचे कुंपण इतके दाट लावले आहे की आत जायला मला कोयता घ्यावा लागला. भाडेकरूंनीही तिथे कधी हात लावलेला दिसत नाही. मला तिथे वाल, मुळा आणि घेवडा करायचा आहे. इथल्या बाजारात भाजी शिळी आणि भाजीवाले ताजेतवाने.

माळ्यावरची हत्यारे पाहिली. गोपाळ रेल्वेतला माणूस, खिळासुद्धा तेल लावून ठेवणारा. पहार आहे, फावडे आहे, दाताळे आहे, खुरपी तर चार आहेत. कुदळ मात्र नाही. एवढी हत्यारे बाळगणाऱ्या घरात कुदळ नसावी हे विचित्र. कुणी नेली असेल तर कळव. नाहीतर मी टिकाव आणि कुदळ दोन्ही विकत आणते. माती तांबडी आहे, वीतभर खाली मुरूम लागतो. तुझा अनुभव काय?

अरुंधती


तळेगाव,
ता. ५ नोव्हेंबर १९३६

ती. वन्सं यांच्या सेवेशी,
इंदिरेचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. तुम्ही घरात आलात, दिवा लागला, बरं वाटलं.

वन्सं, परस राहू द्या. पुढच्या ओट्याशी ऊन चांगलं येतं. रॉकेलचे रिकामे डबे मांडले तर त्यात वाल छान होतो, वर चढवायला ओट्याचे खांब आहेतच. ह्यांना परसात खणलेलं आवडत नसे. भाडेकरू ठेवताना पहिली अट तीच असायची. तिथे फुरसीही निघतात.

खणायचंच असलं तर खुरप्याने खणा. खाली बसून, वरवर. हराळी खुरप्यानेच मुळासकट येते. कुदळीने तिचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा पुन्हा धरतो. तुम्हाला मी काय सांगावं, पण एवढं ऐका. कुदळ आणू नका.

कुदळ कुणी नेलेली नाही.

सूनबाई आणि चिरंजीव नमस्कार सांगतात.

तुमची,
इंदिरा


लोणावळे,
ता. ९ नोव्हेंबर १९३६

चि. इंदिरा हिस आशीर्वाद.

तुझा सल्ला वाचला. सगळे परस खुरप्याने खणायचे म्हणजे विहीर वाटीने उपसायची. गोपाळला आवडत नसे, हे कारण गोपाळ असताना ठीक होते.

हत्यार आपल्या आवडीवर ठरत नाही, जमिनीवर ठरते. घाणेरी कोयत्याने तोडायची. तिची खोडे आणि मुरूम यांना टिकाव, कारण त्याचे टोक शिरते. पण टिकाव माती उलटत नाही. त्यासाठी रुंद पात्याची कुदळ हवी, जी माती आपल्याकडे ओढते. ओढलेली माती फावड्याने उचलायची आणि खुरपे शेवटी, वाफा तयार झाल्यावर. हराळीच्या तुकड्यांबद्दल तू म्हणतेस ते खरे आहे. ते मी दाताळ्याने वेचीन.

आणि कुदळीचा प्रश्न जमिनीनेच सोडवला. परवा करवंदीची जाळी तोडताना मुळांत एक कुदळीचे पाते सापडले. जुने, घडीव लोखंड, वरून गंजलेले पण आत शाबूत. आज बाजारात असे मिळत नाही. माझ्याबरोबर भुशीची सरुबाई रोजाने येते, तिच्याच हाताला ते लागले.

"बाई, हिला दांडा न्हाई," ती म्हणाली.

"ते मला दिसतंय."

"न्हाई म्हंजी मोडल्याला न्हाई. काढल्याला हाय. बघा की, भोक कसं साफ हाय."

"मग नवा घालू."

"तुमी घाला. मी बघायला न्हाई थांबायची. माज्या म्हशीची येळ झाली."

तिच्याकडे म्हैस नाही, हे मला दुसऱ्या दिवशी कळले.

पाते घेऊन महिपती सुताराकडे गेले. त्याने हातात घेतले नाही, पायरीवरूनच पाहिले आणि म्हणाला, "ही ऱ्हाऊ द्या, बाई. नवी कुदळ आना, तिला मी दांडा फुकट बसवून दितो." फुकट म्हणणाऱ्या माणसाची लोहाराशी काही बोली असावी असे मला वाटले. मी धावड्याचा दांडा विकत आणला, घरी येऊन स्वतः तासला, पाचर ठोकली आणि कुदळ पाण्यात ठेवून दिली. लाकूड फुगून घट्ट बसले आहे. शाळेत मुलींना सुतारकाम शिकवायचा आग्रह मी धरला तेव्हा लोक हसले होते.

उद्या सुरुवात.

अरुंधती


तळेगाव,
ता. ११ नोव्हेंबर १९३६

ती. वन्सं यांस सा. नमस्कार.

ते पातं नेमकं कुठे होतं? जाळीच्या कोणत्या अंगाला? कुंपणाकडे का घराकडे? त्याच्याजवळ दगड होते का? असले तर ते हलवले का? आठवून लिहा. मी चौकशीसाठी म्हणून विचारत नाही, मला ती जागा हवी आहे. पुष्कळ वर्षं हवी आहे. कारण पत्रात लिहायला अजून हात धजत नाही.

आणि तिचा दांडा काढा. आजच काढा. पाया पडते.

अक्षर वाईट आलं आहे. दोन दिवसांपासून तळव्यांना फोड आले आहेत, डाव्या हाताला जास्त. सूनबाई म्हणते मुसळाने आले. मी मुसळ धरून वर्ष झालं असेल.

इंदिरा


लोणावळे,
ता. १५ नोव्हेंबर १९३६

चि. इंदिरा हिस आशीर्वाद.

जागा नेमकी सांगता येत नाही. जाळी तोडून पेटवली, मुळे उपटली, दगड सरुबाईने कुंपणाशी फेकले. आता तिथे नुसती काळी राख आणि उघडी जमीन आहे. परसाचे दूरचे टोक, इतकेच सांगते. तिथे तुझे काही हरवले असेल तर स्पष्ट लिही, शोधते. आडवळणाने लिहिलेले मला परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतही चालत नसे.

दांडा काढणार नाही. इतकी चांगली कुदळ मी उभ्या जन्मात वापरली नाही. उचलायला जड, पण टाकताना जोर लावावा लागत नाही. आपण होऊन जाते. माझे वय पाहता हे सोयीचे आहे.

फोडांविषयी. तू खणत असशील तर लपवायचे कारण नाही. दांडा बारीक असला की मूठ फार आवळावी लागते आणि फोड येतात. त्यावर सुतळी गुंडाळ. डावखुऱ्या माणसाला डावीकडे जास्त येणारच. वरण वाढताना तुझा डावा हात पुढे यायचा आणि आई कपाळाला आठ्या घालायची, ते मला आठवते.

इथे एक गोष्ट घडते आहे, ती तुला जशी आहे तशी लिहिते. मी खणायला दाराजवळून सुरुवात केली, ओळीने. पण रोज सकाळी परसाच्या त्या टोकाला नवे खणलेले दिसते. ओळीने नाही. इथे एक घाव, तिथे एक घाव, जसे कुणी चाचपून पाहावे. प्रत्येक खड्डा पुन्हा बुजवून वरून हाताने थोपटलेला. मी सरुबाईला विचारले.

"मी कशाला रातचं खनू? दिसाचं खनून जीव जातोय."

"मग कोण खणतं?"

"ज्याचं हाय त्यो खनतोय. तुमी दांडा दिला, त्यो हात लावतोय." एवढे बोलून ती तिच्या म्हशीकडे गेली.

म्हणून कुदळ न्हाणीघरात ठेवून कुलूप लावले आणि किल्ली माझ्या कमरेला. सकाळी कुलूप होते तसे होते आणि पात्याला ओली माती होती. दांड्यावर आता हातांच्या जागा काळसर दिसू लागल्या आहेत. मी उजव्या हाताची, माझा उजवा हात खाली असतो. या खुणा उलट्या आहेत. डावा हात खाली. मूठ माझ्यापेक्षा लहान.

याचे कारण असणारच आणि ते मी शोधीन. मी वीस वर्षे वसतिगृह चालवले आहे, कुलपाआडून काय काय होते ते मला ठाऊक आहे.

एक जागा मात्र वेगळी लागली. सगळीकडे मुरूम, आणि तिथे हात मनगटापर्यंत आत जातो. लांबी घमेल्याहून थोडी जास्त. कुणीतरी पूर्वी खोल खणून भरलेली दिसते. दोन दिवस पोस्टात आणि बाजारात जायचे आहे. त्यानंतर ती जागा उपसते.

अरुंधती


तळेगाव,
ता. १७ नोव्हेंबर १९३६

ती. वन्सं,

आडवळण पुरे झालं.

इन्फ्लुएंझाच्या साथीत आम्ही दोघंही तापलो, बाळ आणि मी. तुम्ही नागपुरात होतात, गाड्यांचा भरवसा नव्हता, तुम्हाला तार उशिरा मिळाली. मला शुद्ध आली तेव्हा पाळणा रिकामा होता. हे न्हाणीघराच्या चुलीपुढे बसले होते आणि चुलीत कुदळीचा दांडा जळत होता. नुसता दांडा. ह्यांच्या हातांना तांबडी माती होती. मी विचारलं, कुठे? म्हणाले, "झालं सगळं नीट." त्या दिवसांत माणसं मिळत नव्हती, ओढ्यापर्यंत न्यायला कुणी नव्हतं, म्हणून घराजवळच ठेवलं, एवढंच कळलं.

तान्ह्या मुलासाठी जी कुदळ चालवली ती घरात परत आणत नाहीत. माझ्या माहेरी वराळ्यालाही हीच रीत. दांडा काढायचा, पातं तिथेच वर ठेवायचं. म्हणजे तिचं काम संपलं असं तिला कळतं. दांडा घातला की तिला वाटतं काम राहिलं आहे. महिपतीने म्हणूनच हात लावला नाही, वन्सं. लोहाराशी बोली नव्हती.

मी ह्यांना पुष्कळदा विचारलं, अगदी शेवटच्या दुखण्यातही. म्हणाले, बायकांनी तिकडे जायचं नसतं आणि गेलीस तर उठणार नाहीस. त्यांनी कुंपण घातलं ते माझ्यासाठी. भाडेकरू बदलताना मी कौलांचं निमित्त करून यायची आणि कुंपणाबाहेरून फिरून परत जायची. आत जाऊन शोधायला हात उठला नाही, कारण शोधायचं म्हणजे लोखंड लावायचं, आणि कुठे लागेल ते माहीत नव्हतं. तुम्ही खणायचं म्हणालात तेव्हा खुरपं म्हटलं ते त्यासाठी. खुरपं वरवर जातं.

मी त्याला मूठभर माती दिलेली नाही. घरच्या सगळ्यांची एकेक मूठ पडते, माझी पडली नाही. मला दुसरं काही नको आहे.

फोडांचं लिहिलं होतंत. मी खणत नाही, वन्सं. मी निजते, आणि सकाळी उठते तेव्हा खांदे भरून आलेले असतात, नखांत माती असते. आमच्या परसात काळी माती आहे. नखांतली तांबडी असते. सूनबाईने चादर धुताना विचारलं, हा गेरू कुठला? मी म्हटलं, तुळशीवृंदावनाला लावला त्याचा. तिने वृंदावनाकडे पाहिलं आणि चादर पुन्हा पाण्यात बुडवली.

ती मऊ जागा तीच असेल. तिथे कुदळ लावू नका. फावडंही नको. हातांनी बघा, आणि सापडलं की थांबा.

इंदिरा


लोणावळे,
ता. १८ नोव्हेंबर १९३६

चि. इंदिरा,

तुझे कालचे पत्र येण्याआधी मी सकाळीच ती जागा उपसायला घेतली. काय झाले ते क्रमाने लिहिते.

कुदळ न्यायला न्हाणीघर उघडले. कुदळ होती, पण तिच्या पात्याला आज माती नव्हती. पाते धुऊन पुसलेले होते, काम झाल्यावर ठेवतात तसे. मी ती तिथेच राहू दिली; का, ते मला सांगता येणार नाही. फावडे घेऊन गेले. माती इतकी भुसभुशीत होती की फावडे जड झाले, मग खुरपे घेतले, मग तेही ठेवले आणि हाताने काढू लागले. हत्यार जमिनीवर ठरते असे मी तुला ऐटीत लिहिले होते. त्या जमिनीला हत्यार नकोच होते.

कोपरभर खाली पांढरा थर लागला. चाखून पाहिला नाही, पण ते पुरताना घालतात ते मीठ होते. जुने, दगडासारखे झालेले, आणि एका बाजूने ताजे फोडलेले. खड्ड्याच्या कडेला बोटांच्या रेघा होत्या. माझ्या नव्हेत, मी त्या बाजूला गेलेच नव्हते. मिठाजवळ एक वाळा सापडला. चांदीचा, तान्ह्या मुलाचा, काळा पडलेला, घुंगरू अजून वाजते. वाळे जोडीने असतात म्हणून मी आजूबाजूची सगळी माती बोटांतून गाळली. दुसरा तिथे नाही. मिठाखाली मी गेले नाही.

वाळा हातात धरून बसले होते तेव्हा पोस्टमन आला.

मी तुझे पत्र तिथेच, खड्ड्याच्या काठावर बसून वाचले. मग उठून हात धुतले. या घरातून पहिल्या पत्रात तुझ्याबद्दल मी जे लिहिले होते, मला माहीत आहे म्हणून, ते पुन्हा लिहायची सोय असती तर मी ती ओळ काढून टाकली असती. मला काही माहीत नव्हते. दगड मी कुंपणाशी जाऊन शोधले. तीन निघाले, सारखे, ओढ्यातले. ते परत आणून ठेवले आहेत.

कुदळीचा दांडा काढला. मीच पाचर ठोकली होती आणि लाकूड फुगून बसले होते, म्हणून हातोडा आणि पहार दोन्ही घेऊन बसले. पण पात्याला हात लावताच दांडा सुटून मांडीवर आला. न्हाणीघरात ऊन येत नाही, तरी तो हाताला कोमट लागला. कुणीतरी आत्ताच सोडल्यासारखा. तो चुलीत घातला. सरुबाई दारात उभी होती. म्हणाली, "आता कसं." मी तिला विचारले, आधी स्पष्ट का सांगितले नाहीस? ती म्हणाली, "तुमी कुटं इचारलं? तुमी तर शिकवीत हुतासा."

पाते खड्ड्याशी नेऊन ठेवले आहे. खड्डा उघडाच ठेवला आहे, वर पाटी पालथी घातली आहे. पुढे काय करायचे ते तू सांगशील तसे करीन. भटजी हवे असतील तर आणते. वाल आता पुढच्या ओट्याशी, डब्यांतच होईल.

तुझे हात कसे आहेत ते कळव. दुसऱ्या वाळ्याचे काय, तेही तुला आठवत असेल तर कळव. कदाचित गोपाळने एकच घातला असेल.

अरुंधती


(पोस्टकार्ड)

तळेगाव,
ता. १८ नोव्हेंबर १९३६, सकाळ

ती. वन्सं यांस सा. नमस्कार.

माझं कालचं पत्र तुम्हाला आज मिळेल. हे कार्ड त्याच्या मागोमाग टाकते आहे.

आज पहाटे उठले तर हात शांत होते. फोड बसले आहेत, आग नाही. डावी मूठ मिटलेली होती, ती उघडेना. सूनबाईने कोमट पाण्यात धरून एकेक बोट सोडवलं. आत वाळा होता. एकच. माझ्या आईने केलेला, आतल्या अंगाला तिच्या सोनाराची चौकडीची खूण आहे. सूनबाईने पाहिलं आणि माझ्याजवळ बसून राहिली.

दुसरा तुम्हाला सापडेल. तो असू द्या तुमच्याजवळ.

उद्या सकाळच्या गाडीने येते, सूनबाई सोबत आहे. कुंपणातून वाट काढून ठेवा. भटजी नको. खड्डा बुजवू नका, वन्सं. एक मूठ माझी राहिली आहे.

इंदिरा